हवा किती भरायची? जमिनीला विचारा!

मुलांनो, एक सोपा प्रश्न विचारतो. सायकलच्या चाकात हवा किती भरायची?

"फुल्ल!" असंच उत्तर येणार, मला माहीत आहे. पंप हाती लागला की आपण दम लागेपर्यंत मारत राहतो. टायर दगडासारखा टणक झाला, टिचकी मारल्यावर 'टण्' वाजला की आपलं समाधान. बरं, मग दुसरा प्रश्न. तीच फुल्ल हवेची सायकल पाऊस पडून गेल्यावर पाणंद रस्त्यात घातली, तर चार वाव जाण्याआधीच का रुतते? आणि तिसरा प्रश्न. दूर उत्तरेकडच्या देशांत लोक ताज्या बर्फावरून सायकल चालवतात, तेव्हा चाकातली भरलेली हवा ते मुद्दाम सोडून का देतात?

तिन्ही प्रश्नांचं उत्तर एकाच ठिकाणी आहे : चाक जमिनीला टेकतं तिथं. चला, आज तिथंच वाकून पाहू या.

आगपेटीएवढी जागा

चाक गोल, जमीन सपाट. गोल वस्तू सपाट जागेवर ठेवली तर ती अगदी थोड्या जागेतच टेकणार. टायरमध्ये हवा असते म्हणून तो खाली थोडा चपटा होतो आणि टेकण्याची जागा जरा वाढते. किती वाढते? हिशेब करू.

समजा, सायकलचं वजन १८ किलो, तुमचं ३८ किलो आणि दप्तर ४ किलो. एकूण झाले ६० किलो. आपण सीटवर बसतो तेव्हा मागच्या चाकावर जास्त भार येतो. म्हणजे मागे साधारण ३६ किलो आणि पुढे २४ किलो धरू. आता टायरमध्ये दर चौरस सेंटीमीटरला ३ किलो दाब आहे असं समजा. (सायकलवाले दाब पौंडात मोजतात. त्या हिशेबानं हे सुमारे ४३ पौंड झाले.) मागचं चाक जमिनीला किती टेकेल? ३६ भागिले ३, म्हणजे १२ चौरस सेंटीमीटर. पुढचं २४ भागिले ३, म्हणजे ८. दोन्ही मिळून २० चौरस सेंटीमीटर. म्हणजे जेमतेम एका आगपेटीएवढी जागा! तुम्ही, तुमची सायकल, तुमचं दप्तर आणि दप्तरातलं गणिताचं पुस्तक, सगळ्यांचा भार त्या एवढ्याशा जागेवर.

आता हवा कमी करा. दाब ३ ऐवजी २ किलो केला, तर जागा होते ३० चौरस सेंटीमीटर. ओझं तेच, पण ते जास्त जागेत पसरलं. दाब अर्ध्या किलोवर आणला तर? १२० चौरस सेंटीमीटर, म्हणजे जवळजवळ एका पोस्टकार्डाएवढी जागा. अर्थात आपल्या नेहमीच्या टायरमध्ये एवढी कमी हवा ठेवली तर रिम थेट दगडावर आपटेल. त्यासाठी खूप जाड टायर लागतो. त्याची गोष्ट पुढे येणारच आहे.

सिमेंटचा रस्ता आगपेटीएवढ्या जागेवरचं ओझं सहज पेलतो. मऊ जमीन पेलत नाही. ती दबते आणि चाक आत जातं. रुतलेलं चाक म्हणजे सारखी चढणच चढायची! उंटाचा पाय पाहा, रुंद आणि गादीसारखा. वाळूत तो पसरतो, म्हणून उंट रुतत नाही. आपला उघडा पायसुद्धा सायकलच्या चाकापेक्षा बराच जास्त पसरलेला असतो. म्हणून जिथं सायकल रुतते, तिथून आपण चालत मात्र जाऊ शकतो.

करून पाहा

हा हिशेब खरा आहे की नाही, ते तपासायला महागडं यंत्र लागत नाही. एक-एक सेंटीमीटरच्या चौकटी आखलेला जाड कागद घ्या. तो सपाट फरशीवर ठेवा. मागच्या टायरच्या खालच्या भागाला ओला खडू किंवा ओली माती नीट फासा. एकानं सायकल घट्ट धरायची, दुसऱ्यानं सीटवर बसायचं आणि तिसऱ्यानं चाक अलगद कागदावर टेकवायला सांगायचं. उमटलेल्या ठशात किती चौकटी आल्या ते मोजा. अर्ध्यापेक्षा जास्त भरलेली चौकट पूर्ण धरा, कमी भरलेली सोडून द्या. मग थोडी हवा सोडा आणि पुन्हा ठसा घ्या. दोन्ही ठसे शेजारी ठेवा.

आणखी एक गंमत. गावात कापूस, सोयाबीन मोजायचा मोठा काटा असतो ना? मोठ्यांना विचारून मागचं चाक काट्यावर ठेवा. पुढच्या चाकाखाली तेवढ्याच उंचीच्या विटा ठेवा. सीटवर बसा आणि मागच्या चाकावर किती किलो येतात ते पाहा. त्या किलोला ठशातल्या चौकटींनी भागा. आलं उत्तर! तुमच्या टायरमध्ये दर चौरस सेंटीमीटरला साधारण किती किलो दाब आहे, ते दाबमापकाशिवाय कळलं. टायरच्या रबराचा ताठपणाही थोडं ओझं पेलतो, त्यामुळे उत्तर थोडं पुढे-मागे होईल. पण भागाकार कशाला शिकायचा, असं पुन्हा कुणी विचारणार नाही!

डनलॉपच्या अंगणात

चाकात हवा भरायची ही कल्पना फार जुनी नाही. रॉबर्ट विल्यम थॉमसन नावाच्या स्कॉटिश माणसानं १८४५ मध्ये हवेच्या टायरचं पेटंट घेतलं होतं. पण तेव्हा सायकलींचा जमाना यायचा होता. त्याची कल्पना लोक विसरून गेले.

पुढे बेलफास्ट शहरात जॉन बॉइड डनलॉप नावाचे गुरांचे डॉक्टर होते. त्यांच्या मुलाची तीनचाकी सायकल होती. तिच्या चाकांना भरीव रबर होतं आणि रस्ता होता दगडांचा. बिचाऱ्याला चांगलेच हादरे बसत. डनलॉपनी एका लाकडी चकतीवर हवा भरलेली रबरी नळी बसवली. मग अंगणात जुनं भरीव रबराचं चाक आणि हे नवं चाक, दोन्ही घरंगळत सोडून पाहिली. जुनं चाक मध्येच थांबलं. नवं मात्र अंगण ओलांडून पलीकडे जाऊन धडकलं. हे साल होतं १८८७. पुढे १८८९ मध्ये बेलफास्टच्या शर्यतीत विली ह्यूम हा सायकलपटू हवेचे टायर लावून उतरला आणि जिंकला. मग काय, भरीव रबराचे दिवस संपले.

आपल्याकडे हाच बदल बैलगाडीत झाला. जुन्या गाडीच्या लाकडी चाकाला लोखंडी पट्टी बसवलेली असे. तिला 'धाव' म्हणतात. घरातल्या आजोबांना विचारा, ते सांगतील. धाव अरुंद आणि कडक, त्यामुळे ती ओल्या रस्त्यात खोल चरे पाडायची. गाडीमागून गाडी त्याच चऱ्यांतून गेली की ते आणखी खोल व्हायचे. हीच ती 'चाकोरी'. 'चाकोरीबाहेर विचार करा' असं आपण भाषणात ऐकतो ना, तो शब्द या चिखलातूनच वर आला आहे! पुढे रबरी टायरची गाडी आली. तिचं ओझं जास्त जागेत पसरलं आणि बैलांचा जीव जरा हलका झाला.

बर्फातली सायकल

आता त्या बर्फातल्या लोकांकडे जाऊ. फिनलंडमध्ये औलू नावाचं शहर आहे. ते इतकं उत्तरेला आहे की तिथं हिवाळ्याचे कित्येक महिने बर्फ असतो. तरीही तिथली पुष्कळ मुलं हिवाळ्यात सायकलनंच शाळेत जातात. २०१३ मध्ये हिवाळ्यातल्या सायकलिंगची पहिली जागतिक परिषद याच शहरात भरली होती.

पण बर्फ काही एकाच प्रकारचा नसतो. ताजा पडलेला बर्फ भुसभुशीत असतो, पिठाच्या ढिगासारखा. त्यावर चाक रुतू नये म्हणून टायर रुंद हवा आणि हवा कमी हवी. चार इंच किंवा त्याहून रुंद टायर आणि आत हवा फक्त पाच ते दहा पौंड! वर आपण काढलेलं पोस्टकार्डाचं उत्तर आठवलं? अलास्कात १९८७ मध्ये बर्फावरची एक लांब पल्ल्याची सायकल शर्यत सुरू झाली. तेव्हा एवढे रुंद टायर मिळत नव्हते. मग काही हिकमती स्पर्धकांनी दोन-दोन रिमा शेजारी शेजारी जोडून चाक रुंद करून पाहिलं. अशाच खटपटीतून पुढे जाड टायरच्या सायकली आल्या. हल्ली आपल्या शहरांतही त्या रुबाबात फिरताना दिसतात. डांबरी रस्त्यावर मात्र त्या जड जातात, कारण रुंद आणि मऊ टायर ओढायला ताकद जास्त लागते.

दुसरा प्रकार दबून कडक झालेल्या बर्फाचा. त्यावर रुतण्याची भीती नाही, घसरण्याची आहे. आणि पाणी गोठून काचेसारखा झालेला बर्फ असेल, तर रुंद टायरही कामाचा नाही. तिथं टायरला बारीक धातूचे खिळे बसवलेले असतात. ते बर्फात रुततात आणि पकड मिळते. तिसरा प्रकार अर्धवट वितळलेल्या, पाणीदार बर्फाचा. तिथं कित्येकदा अरुंद टायरच बरा पडतो, कारण तो वरचा लगदा कापून खालच्या पक्क्या रस्त्याला टेकतो.

पाहिलंत? बर्फ तोच, पण टायर तीन प्रकारचे. म्हणजे 'बर्फासाठी कोणता टायर चांगला?' हा प्रश्नच अपुरा आहे. आधी विचारायचं, 'आज बर्फ कसा आहे?'

थंडीची आणखी एक गंमत आहे. हवा गार झाली की तिचा दाब कमी होतो. घरात वीस अंशाला चाळीस पौंड हवा भरली आणि सायकल बाहेर उणे वीस अंशात उभी केली, तर पंक्चर नसतानाही दाब बत्तीस-तेहतीस पौंडांवर येतो. आपल्याकडे उलटं होतं. मे महिन्यात उन्हात तापलेल्या टायरमधला दाब चार-पाच पौंडांनी वाढतो. चांगला टायर तेवढा सहज सोसतो. भेगा पडलेला जुना टायर मात्र अशा वेळी दुपारी फाटकन् आवाज करतो आणि सगळी गल्ली जागी होते.

काळी माती काय म्हणते?

"सर, आपल्याकडे कुठं बर्फ पडतोय?" वर्गातल्या मुलांचा हा प्रश्न ठरलेला. पडत नाही, बाबांनो. पण आपल्याकडे काळी माती आहे. ती बर्फापेक्षा कमी नखरेल नाही!

मी जालना जिल्ह्यात, अंबड तालुक्यातल्या अंतरवाली सराटीत शिकवतो. गोदावरी इथून फार लांब नाही. शिवार काळ्या मातीचं. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनच्या पठारावर लाव्हाचे थरावर थर साचले. त्यातून बसाल्ट खडक तयार झाला आणि तो झिजून झिजून ही माती झाली. तिच्यातले चिकणमातीचे कण इतके बारीक असतात की साध्या डोळ्यांना दिसणारच नाहीत. या कणांमध्ये पातळ पापुद्रे असतात. पाऊस आला की पापुद्र्यांच्या मधल्या जागेत पाणी शिरतं आणि माती फुगते. उन्हाळ्यात पाणी निघून गेलं की ती आकसते आणि हात जाईल एवढ्या भेगा पडतात. कापसाला ही माती मानवते, कारण ती ओल धरून ठेवते. पण जी माती ओल धरते, ती सायकलही धरते!

इथं बर्फाचा नियम जसाच्या तसा लावून चालत नाही. भुसभुशीत बर्फात हवा कमी केली की काम भागतं, कारण बर्फ दबतो. काळी माती नुसती दबत नाही, चिकटते. टायर रुंद केला, हवा कमी केली, तर टायर जमिनीला जास्त जागेत टेकणार. मग मातीही जास्तच उचलली जाणार. एका फेऱ्यात एक थर, दुसऱ्या फेऱ्यात दुसरा. चाक आणि मडगार्ड यांच्यात करंगळीएवढी फट असते, ती भरून जाते. मग चाक फिरायचंच थांबतं. पेडलवर उभं राहा नाहीतर नवस बोला, सायकल हलत नाही. शेवटी ती खांद्यावर घ्यावी लागते आणि तेव्हा १८ किलोची सायकल २५ किलोची वाटते.

शेतकऱ्याचा शब्द : वाफसा

मग करायचं काय? याचं उत्तर तुमच्या घरातच आहे. पाऊस पडून गेल्यावर शेतकरी लगेच औत घालत नाही. मूठभर माती हातात घेऊन पाहतो, दाबतो, कुस्करतो. म्हणतो, "अजून वाफसा नाही." वाफसा म्हणजे माती ना फार ओली, ना फार कोरडी, मुठीत दाबली तर गोळा होते, पण बोट लावलं की मोकळी होते. हाताला चिकटत नाही. औताला वाफसा लागतो आणि सायकललाही तोच लागतो.

तेव्हा रस्त्यावर निघण्याआधी मूठभर माती हातात घ्या.

माती कोरडी आणि टणक असेल, तर नेहमीची पूर्ण हवा ठेवा. फक्त भेगांकडे लक्ष द्या. भेग चाकाच्या दिशेनं असेल, तर चाक आत अडकून आपण तोंडावर पडतो. ती आडवीच ओलांडायची.

वाफसा असेल किंवा सुटा मुरूम, वाळू, फुफाटा असेल, तर हवा थोडी कमी करा. नेहमी चाळीस पौंड असेल, तर तीस-बत्तीस. अंगठ्यानं टायर दाबला तर किंचित दबला पाहिजे, पण रिमपर्यंत जाता कामा नये. डांबरी रस्त्याला लागलात की पुन्हा हवा भरा.

माती चिकट असेल, हाताला गोळे लागत असतील, तर सायकलवर बसूच नका. हवेचा कोणताच आकडा इथं कामाचा नाही. उतरा. कडेच्या गवतावरून सायकल ढकलत न्या. गवताची मुळं माती धरून ठेवतात, म्हणून तिथं चिखल कमी लागतो. चाकोरीत मुळीच शिरू नका, पाणी तिथंच साठतं. लांबचा मुरमाचा रस्ता असेल, तर तोच धरा. एक किलोमीटर जास्त पडला तरी वेळ वाचतो. हातात एक काटकी ठेवा आणि मडगार्डमधला चिखल थोडा साठला की लगेच काढा. वाळल्यावर तो सिमेंटसारखा होतो.

आणि माती पार पातळ झाली असेल, वरून पाणी वाहत असेल, तर तिथं सायकलचा प्रश्नच नाही. पाण्याखाली खड्डा आहे की दगड, ते दिसत नाही. ओढ्याला पाणी असेल तर मागे फिरायचं. यात कसलाही भित्रेपणा नाही.

टायर घेताना

टायर बदलायची वेळ आली की दुकानदाराला नुसतं "सायकलचा टायर द्या" म्हणू नका. जुन्या टायरच्या बाजूवर आकडे छापलेले असतात, ते वहीत उतरवून न्या. जुन्या उंच, काळ्या सायकलींवर '२८ × १ १/२' असं असतं. पहिला आकडा चाकाच्या बाहेरच्या व्यासाचा, दुसरा टायरच्या रुंदीचा; दोन्ही इंचात. त्याच टायरवर '४०-६३५' असंही असू शकतं. म्हणजे रुंदी ४० मिलिमीटर आणि टायर रिमवर बसतो तिथला व्यास ६३५ मिलिमीटर. ही दुसरी पद्धत जास्त भरवशाची. का ते पाहा. '२६ × १ ३/८' आणि '२६ × १.९५' हे दोन्ही टायर सव्वीसचेच म्हणवतात, पण पहिला बसतो ५९० च्या रिमवर आणि दुसरा ५५९ च्या. एकाच्या जागी दुसरा बसतच नाही. सव्वीस आणि सव्वीस सारखे नाहीत, हे गणिताच्या तासाला सांगू नका, पण दुकानात लक्षात ठेवा!

नक्षीही पाहा. डांबरी रस्त्यावर बारीक उभ्या रेघांचा टायर हलका चालतो. मातीच्या रस्त्यावर ठोकळ्यांची नक्षी बरी, पण ठोकळे एकमेकांपासून लांब हवेत. जवळजवळ असले की मधल्या फटी चिखलानं भरतात आणि टायर गुळगुळीत होऊन जातो. रुंद टायर घ्यायचा मोह झाला, तर आधी मडगार्ड आणि फ्रेम यांमधली फट पाहा. फट कमी असेल तर रुंद टायर पावसाळ्यात उलट त्रासच देतो.

टायरवर हवेचा कमाल आकडाही छापलेला असतो. त्याच्या वर जायचं नाही. डबलसीट बसलात किंवा मागे कॅरियरवर ओझं असेल, तर मागच्या चाकात पुढच्यापेक्षा जास्त हवा ठेवा. आणि हवा फार कमी ठेवून दगडावरून गेलात, तर रिम आणि दगड यांच्यात ट्यूब चेपते आणि तिला शेजारी शेजारी दोन भोकं पडतात. अशी जोडभोकं दिसली की समजायचं, दोष काट्याचा नाही, कमी हवेचा आहे.

सराट्याशी गाठ

काट्यावरून आठवलं. आमच्या गावाच्या नावात 'सराटी' आहे. ते नाव कसं पडलं, हा वेगळा विषय. पण सराटा मात्र सगळ्या सायकलवाल्यांच्या ओळखीचा! जमिनीवर पसरणारी छोटी वेल, पाच पाकळ्यांची पिवळी फुलं, दिसायला गरीब. तिचं फळ वाळलं की त्याचे पाच तुकडे होतात आणि तुकड्यांना टोकदार काटे असतात. तुकडा कसाही पडला तरी एक काटा वर राहतोच. वेलीला आपलं बी दूर न्यायचं असतं. जनावराच्या खुरात, माणसाच्या चपलेत आणि आता सायकलच्या टायरमध्ये बसून ते प्रवास करतं. ती आपलं काम करते, आपण आपलं करायचं. शाळेतून घरी आलं की चाक हळूहळू फिरवून टायर पाहायचा. अर्धवट रुतलेला काटा ट्यूबपर्यंत जायच्या आत काढला, तर पंक्चर टळतं.

पंक्चर झालंच तर ट्यूब बाहेर काढून, हवा भरून घमेल्यातल्या पाण्यात फिरवा. बुडबुडे येतील तिथं भोक. ती जागा पुसून कोरडी करा, कानशीनं किंवा पॉलिश पेपरनं घासा. घासल्यानं मळ जातो आणि जागा खरखरीत होते, म्हणून ठिगळ पक्कं बसतं. सोल्यूशन लावल्यावर ते थोडं सुकू द्या, मगच ठिगळ दाबा. आणि ट्यूब परत घालण्याआधी टायर आतून फडक्यानं पुसा. बोट फिरवू नका, काटा असला तर बोटात शिरेल. फडकं जिथं अडकेल तिथं काटा. तो न काढता ट्यूब घातली, तर दुसऱ्या दिवशी त्याच जागी पुन्हा पंक्चर!

पंक्चर सापडत नाही, तरी हवा जाते? मग व्हॉल्व्हवरची छोटी रबरी नळी पाहा. ती कुजते, चिरते. व्हॉल्व्हच्या तोंडावर पाण्याचा थेंब ठेवा. बुडबुडा आला की नळी बदलायची. सर्वात स्वस्त दुरुस्ती हीच.

आई-बाबांसाठी चार ओळी

आता थोडं मोठ्यांशी बोलतो.

आमच्या भागात अनेक वाड्या-वस्त्यांवरच्या मुलींना सातवीनंतर शिकायला जवळच्या मोठ्या गावी जावं लागतं. तीन-चार किलोमीटर. एसटी वेळेवर असतेच असं नाही. अशा वेळी सायकल म्हणजेच शाळा. राज्याच्या मानव विकास कार्यक्रमातून मागास तालुक्यांतल्या आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकली देण्यात आल्या आहेत. बिहारमध्ये २००६ साली मुलींसाठी अशीच सायकल योजना सुरू झाली. पुढे अभ्यासकांनी तिचा परिणाम तपासला, तेव्हा माध्यमिक शाळेत नाव घालणाऱ्या मुलींचं प्रमाण सुमारे तीस टक्क्यांनी वाढल्याचं दिसलं. दोन चाकांनी एवढं केलं.

पण सायकल मिळाली म्हणजे शाळा मिळाली असं नाही. टायर झिजून दोरे दिसू लागतात, व्हॉल्व्हची नळी कुजते, आणि सायकल भिंतीला टेकून उभी राहते. "आज चिखल आहे, राहू दे घरी" हे वाक्य आषाढात एकदा म्हटलं जातं, श्रावणात चारदा. हजेरीच्या पानावर गैरहजेरीच्या खुणा वाढत जातात. मग मागे पडलेला अभ्यास, मग कंटाळा, आणि मग एक दिवस कुणीतरी म्हणतं, "आता कशाला?" मुलीचं शिक्षण सुटायला दर वेळी मोठं कारण लागत नाही. कधी एक सराट्याचा काटाही पुरतो.

म्हणून जून लागायच्या आधी एकदा तिच्या सायकलकडे पाहा. टायरच्या बाजूला भेगा आहेत का? ब्रेकचे रबर झिजले आहेत का? पावसात ओल्या रिमवर ब्रेक उशिरा लागतो, तेव्हा ते चांगलेच हवेत. कमी हवेची सायकल पक्क्या रस्त्यावर ओढावी लागते. तीन किलोमीटर अशी सायकल ओढून आलेलं मूल पहिल्या तासाला पेंगणारच. हवेचा पंप चार घरांत मिळून एक घेतला तरी चालतो. आणि पंक्चर काढायला मुलाला शिकवता, तसं मुलीलाही शिकवा. रस्त्यात चाक बसलं तर तिला कुणाची वाट पाहावी लागू नये.

आता तुमचं काम

मुलांनो, रबर रात्रंदिवस थोडी थोडी हवा सोडत असतं. कुणी खोडी केली नाही तरी चाक आठवड्या-पंधरवड्यात मऊ होतं. म्हणून आठवड्याचा एक वार ठरवा. रविवार बरा. त्या दिवशी अंगठ्यानं दोन्ही टायर दाबायचे, काटे पाहायचे, साखळीला तेल द्यायचं.

आणि या पावसाळ्यात एक नोंदवही करा. चार रकाने आखा : तारीख, माती कशी होती (कोरडी, वाफसा, चिकट, पातळ), हवा किती होती (टणक, किंचित मऊ) आणि सायकल कशी चालली. शाळा सुरू झाल्यापासून पोळ्यापर्यंत रोज एक ओळ. पोळ्याला वही उघडून पाहा. तुमच्या गावच्या मातीला कोणत्या दिवशी किती हवा चालते, ते त्या वहीत सापडेल. कोणत्याही टायरवर ते छापलेलं नसतं, कारण टायर करणाऱ्यांनी तुमची पाणंद पाहिलेली नसते.